पूजेतला परवाना

पाटावर वीस वस्तू होत्या: अकरा पुस्तके, घरात आता कोणालाच वाचता न येणारे मोडीतले एक दप्तर, एक विळी, दोन कात्र्या, सायकलचे तीन पाने, शाईची एक दौत आणि सेतूचा मोटार चालवण्याचा परवाना. प्रत्येकीला चंदनाचा ठिपका लावून आईने वरून तिरुभुवनमचे जुने रेशमी वस्त्र पांघरले होते. १९४१ सालच्या सरस्वतीपूजेचा तो दिवस. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पुन्हा पूजा होऊन वस्त्र निघेपर्यंत अक्षर वाचायचे नाही, हत्यार उचलायचे नाही. कुंभकोणमात हा नियम मराठी घरांत होता तसाच तमिळ घरांतही.

सकाळीच चंद्रमौली आला आणि ओटीवर बसला. तो आणि सेतू पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत बरोबरीने काम करत. खेड्यांतल्या विहिरींचे नमुने बर्फाच्या पेटीत घालून आणायचे, हे त्यांचे काम. पेटी सायकलवर बसत नसे, आणि बैलगाडी तिरुक्करुगावूरहून येईपर्यंत बर्फाचे पाणी होई. मग नमुना निरुपयोगी ठरे, आणि कॉलरा कोणत्या विहिरीत आहे हे कळेपर्यंत गावातली माणसे दगावत. म्हणून सरकारने पेटीसह मोटारसायकल देण्याचे ठरवले होते. मात्र त्याआधी एकाने तिरुच्चीला जाऊन आठवडाभराचे शिक्षण घ्यायचे. कुंभकोणमला जागा एकच होती, आणि ज्याच्या परवान्यात मोटारसायकल नोंदलेली असेल त्यालाच ती मिळणार होती. जागा वाया गेली तर गाडी मन्नारगुडीला जाणार होती. नाव दुपारच्या आत तारेने कळवायचे होते. कोणाचे, ते दोघांनी मिळून ठरवावे, असे आरोग्य अधिकारी वैद्यनाथ अय्यर सांगून गेले होते.

चंद्रमौलीने मोटारसायकल नोंदलेला स्वतःचा परवाना खिशात आणला होता. तरी तिरुक्करुगावूरची बाजू सेतूकडे आहे, तेव्हा सेतूनेच जावे, असे तो म्हणाला.

"फक्त रायर, तुमच्या परवान्यात मोटारसायकल आहे ना, ते एकदा बघून घ्या." तिथले तमिळ लोक प्रत्येक रावाला रायरच म्हणत.

सेतूने तो परवाना एकदाच वाचला होता, तोही आपल्या नावापुढे बी.एस्सी. लिहिले आहे की नाही हे पाहण्यापुरता. परीक्षा त्याने काकांच्या मोटारीवर दिली होती. पुढे चुलतभावाची मोटारसायकल त्याने कावेरीच्या काठाने इतकी फिरवली होती की तिचा परवाना वेगळा असू शकतो, हे कधी मनातच आले नव्हते. आता आले. पण आपल्याला नक्की ठाऊक नाही, हे चंद्रमौलीसमोर बोलायला जीभ वळेना.

"तो पूजेत आहे," तो म्हणाला. "आज हात लावता येत नाही. आणि त्यात काय आहे ते मला माहीत आहे."

"कालपर्यंत सरस्वतीला प्रमेय सिद्ध करायला सांगत होतात," चंद्रमौली हसला. "आज एकदम भक्त झालात की."

सेतूही हसला. दोघे तारघरात गेले आणि सेतूचे नाव गेले.

जेवताना आईने विचारले तेव्हा त्याने सगळे सांगितले. आईने भात वाढता वाढता मान वर केली.

"मला का नाही विचारलंस? मी काढून दिला असता. देवीला मी सांगितलं असतं."

तो खाली मान घालून जेवत राहिला. आई सोवळ्यात होती, परवाना हाताच्या अंतरावर होता. नियमाआड तो एकटाच लपला होता.

दसऱ्याला वस्त्र निघाले. चंदनाचा ठिपका बरोबर मधोमध वाळला होता आणि त्याच्या खालच्या ओळीत फक्त मोटारगाडी लिहिलेली होती. सेतूने ठिपका नखाने खरवडला. खाली आणखी काही नव्हते.

तारघर सकाळी थोडा वेळ उघडे असे. नाव बदलण्याची तार अजून करता आली असती. तो तसाच चंद्रमौलीच्या घरी गेला. तिथे चंद्रमौलीच्या मुलीचा, गोमतीचा, अक्षरारंभ चालला होता. आजोबांच्या मांडीवर बसून ती तांदळात बोट फिरवत होती, आणि सगळे तिच्या बोटाकडे पाहत होते. चंद्रमौलीने सेतूला पुढे बसवले, हातात सुंडलचा, हरभऱ्याच्या सुक्या उसळीचा, द्रोण दिला आणि पाहुण्यांना अभिमानाने सांगितले की आपले रायर तिरुच्चीला निघाले आहेत. एका म्हाताऱ्याने आशीर्वाद दिला. सेतूने तो वाकून घेतला. सुंडल संपले, द्रोण टाकून झाला, तारघर बंद झाले. तो सांगू शकला नाही.

तिरुच्चीच्या आवारात नऊ जण रांगेत उभे होते. तिथल्या कारकुनाने सेतूचा परवाना उलटसुलट करून पाहिला, परत दिला आणि पुढच्याचा मागितला. तो रागावलाही नाही. सेतू फाटकाबाहेर थांबला. आत आठ मोटारसायकली एकामागून एक सुरू झाल्या. नववी सुरू होण्याची त्याने उगाच वाट पाहिली.

परत आल्यावर त्याने चंद्रमौलीला खरे ते सांगितले, दसऱ्याच्या सकाळचेही.

"माझ्या घरी आलात तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"सुंडल खाल्लंत तेव्हा?"

"हो."

चंद्रमौली उठून कामाला लागला. त्यानंतर तो त्याला रायर म्हणाला नाही. कचेरीच्या कागदावर असते तसे सेतूराव म्हणू लागला.

मोटारसायकल मन्नारगुडीला गेली. पावसाळ्यात तिरुक्करुगावूरच्या दोन गल्ल्यांत कॉलरा शिरला. चार विहिरींवर संशय होता. नमुना दहा अंशांच्या आत पोचला तरच तपासणीचा उपयोग होता. सेतूने कुंभकोणमहून दुप्पट बर्फ नेला, पेटीला गोणपाटाचे दोन थर गुंडाळले आणि कालव्याच्या चिखलातून बैलगाडीबरोबर चालत आला.

प्रयोगशाळेच्या पायरीवर चंद्रमौली उभा होता. दोघांनी मिळून पेटी उतरवली. झाकण काढले तेव्हा भुसा ओला होता आणि बाटल्या पाण्यात हलत होत्या. चंद्रमौलीने थर्मामीटर पुढे केला. सेतूने तो पहिल्या बाटलीत सोडला, पारा थांबेपर्यंत धरला आणि वाचला.

सव्वीस अंश.