माळ्याला ऑक्सिजन नको

खेळाच्या मैदानाचा माळी एवढा धिप्पाड, की तो रोलर ओढतोय की रोलर लाडानं त्याच्यामागे येतोय, कळायचं नाही. भर दुपारी स्वतःच्या पायांनी तातडीच्या विभागात आला. मागून थोरली बहीण, हातात शीतपेयाची बाटली. गवत मारायच्या औषधाचा डबा गळत होता म्हणून यानंच ते बाटलीत ओतलेलं, आणि तहानेच्या भरात यानंच तोंडाला लावलेलं.

"एकच घोट गेला," तो म्हणाला. "आणि मी काय गवत आहे मरायला?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्याची लघवी काचेच्या नळीत घेऊन त्यांनी सोडा टाकला, पांढरी पूड टाकली, हलवलं. रंग निळा झाला, म्हणजे विष अंगात भिनलेलं. वॉर्डबॉय म्हणून तीस वर्षं मी सतराशे साठ रंग पाहिलेत, पण त्या निळ्यापुढे शाईच्या दौतीनं पदर तोंडावर घेतला असता.

लगेच कोळशाची पूड कालवलेलं पाणी पाजलं. "काळं तोंड करायची एवढी घाई?" म्हणत तो गटागटा प्यायला. मग यंत्रावर रक्त गाळलं. बहीण औषधं आणायला गेली, तेव्हा बाईंनी त्याला सरळ सांगितलं, "हे विष फुप्फुसात बसतं आणि ऑक्सिजन मिळाला की चेकाळतं. म्हणून लावणार नाही. सगळे उपाय थकले, तरच लावू, नुसता त्रास कमी व्हावा म्हणून."

तिसऱ्या दिवशी धाप लागली. पाचव्या दिवशी ओठ काळेनिळे.

"शेजारच्या म्हातारीला ऑक्सिजन, आणि माझ्या भावाला झुळूकही नाही?" बहीण कडाडली. "तुमच्या घरचा असता तर?" बाईंनी समजावलं, पण ऐकणार कोण? एकदा तिनं स्वतःच त्याला मास्क लावून ऑक्सिजनची चावी फिरवली. मी धावत जाऊन बंद केली, तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. आठवी पिढी जन्माला यायला घाबरली असेल.

सातव्या दिवशी सकाळी बाई एक्सरे धरून बराच वेळ खिडकीशी उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मामा, ऑक्सिजन लावा."

"बघा! आधीच ऐकलं असतं तर?" बहिणीच्या डोळ्यांना धार लागली.

माळ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मास्क जरा बाजूला केला. "ताई... बरं वाटतंय गं. जा, दोन घास खाऊन ये."

चार दिवसांत ती पहिल्यांदाच जेवायला उठली. चपलांचा आवाज जिन्यात विरला.

"मामा," तो म्हणाला, "तिला लगेच बोलवू नका. पोटभर जेवू द्या."