आईची बैठक

थोरलीने पंचेचाळिशी उलटल्यावर पीएचडीला नाव घातलं, तेव्हा आई म्हणाली, "नावाजलेली चित्रकार झालीस, तरी शाळेची हौस फिटली नाही वाटतं."

संशोधनाचा विषय होता म्हातारपणाची व्यक्तिचित्रं, आणि ती थोरलीने स्वतःच रंगवायची होती. समोर बसायला आई हक्काची. दर रविवारी ती खिडकीपाशी बैठक मारायची, शेजारणींच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची आणि थोरली हसत हसत रंगवायची. पण मार्गदर्शक बाईंना नुसती चित्रं पुरेनात. प्रत्येक रेघेमागचा विचार त्यांना लिहून हवा होता. मग थोरली बैठकीत गप्प राहू लागली.

"पूर्वी तू माझं ऐकायचीस गं," आई एकदा म्हणाली. "आता नुसती बघतेस."

"एवढं एक प्रकरण हातावेगळं होऊ दे, आई."

ते होण्याआधीच आईला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. धाकटा भाऊ दवाखान्यात ठाण मांडून बसला; थोरली दुपारची जायची. एकदा धाकटा चहा आणायला खाली गेला, आणि तिने पिशवीतून कागद आणि कोळसा काढला. हात आपसूक चालू लागला. वाकडं झालेलं तोंड, उशीवरचे विरळ केस. थोरलीच्या डोळ्यांना धार लागली होती, तरी रेघ हलली नाही. कित्येक महिन्यांत असं चित्र उतरलं नव्हतं.

आईने डोळे उघडले. तिच्याकडे बघत बरा हात उचलून पुढे केला.

थोरलीने तो हातही काढायला घेतला.

"ताई, हात धर ना तिचा," दारातून धाकटा म्हणाला.

ती दचकून उठली, पण तोवर हात चादरीवर पडला होता. आईने डोळे मिटले ते पुन्हा उघडलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तोंडी परीक्षेला थोरलीने बाकीच्या चित्रांबरोबर तेही भिंतीवर लावलं. बाहेरून आलेले परीक्षक त्याच्यासमोर बराच वेळ रेंगाळले.

"हा हात अर्धवट का सोडलात?"

प्रत्येक चित्राचं उत्तर तिने घोकून ठेवलं होतं. याचं नव्हतं.

"तो धरायचा होता," ती म्हणाली.

परीक्षक पुढच्या चित्राकडे वळले. पदवी मिळाली.

त्यानंतरच्या रविवारी ती धाकट्याकडे गेली. तो कांदा चिरत होता.

"डॉक्टर झालीस म्हणे," तो मान वर न करता म्हणाला. "जरा उशीरच झाला."

म्हटलं तर थट्टाच होती, पण हसलं कोणीच नाही. थोरली चपला घालायला वळली, तसं त्यालाच राहवलं नाही.

"जेवून जा."

ती बसली. त्याने ताट वाढलं. तिने पानात काही टाकलं नाही.