भाता संपेपर्यंत

अकॉर्डियन मी बत्तीस वर्षं गळ्यात बाळगतो आहे आणि त्याचा मला माज आहे. उगाच कशाला नाकारा? लग्नाच्या बँडात वाजवून झालं की घरी मोबाइलवर जगभरचे अकॉर्डियनवाले बघत बसतो. ब्राझीलच्या कोरड्या मुलखात लोक त्याच्यावर नाचतात. कोलंबियात गावोगावच्या बातम्या त्याच्यावर गायल्या जायच्या. मादागास्करमध्ये तर पितरांना बोलावतात, म्हणजे मेलेलेसुद्धा ऐकतात. फक्त आमच्या पनवेल कोळीवाड्यातल्या ठमामावशी ऐकत नव्हत्या.

ठमामावशी धवलारीण. लग्नात त्यांचा धवला, म्हणजे देवांना बोलावणारं गाणं, झाल्याशिवाय आमच्यात हळद लागत नाही. धवला वाद्याविना गायचा आणि सुरू झाला की मध्ये तुटू द्यायचा नाही.

"तुळशीराम, ती फुगनारी पेटी लांब ठेव," त्या मला म्हणाल्या. "धवल्याला फकस्त गला लागतंय."

आमच्याच वाड्यातली नवरी मनस्वी, तिच्या हळदीला मावशींना ब्याऐंशीवं चालू होतं आणि छातीत कफ होता. मनस्वीच्या भावाने, कल्पेशने, पेनड्राइव्हवर दुसऱ्या कुणाचा धवला तयारच ठेवला होता. "मावशी अडकल्या की हाच लावतो. पुढच्या लग्नांना मग हाच." मावशींनी ते ऐकलं. पदर घट्ट खोचला.

गणपतीला बोलावलं, एकवीरेला बोलावलं. समुद्राला आमंत्रण देताना आवाज गेला. तोंड उघडं आणि नुसती हवा. कल्पेशचा हात स्पीकरकडे वळला.

माझा हात आधी अकॉर्डियनच्या पट्ट्यांवर गेला. मावशींचा सूर माझ्या दोन पट्ट्यांच्या मधला. अशा वेळी पट्टी अर्धीच दाबायची आणि भाता जोर लावून ओढायचा, म्हणजे सूर किंचित खाली बसतो. बसला! पण त्यात हवा भराभर संपते, आणि भाता उलटा दाबायला घेतला की सूर तुटणार, म्हणजे धवलाही तुटणार. मी ओढत राहिलो. खांदा ठणकायला लागला. मांडवात कुणी हलत नव्हतं. चार बोटं भाता उरला. मग दोन.

आणि त्या सुरातूनच मावशींचा आवाज वर आला. माझं वाजणं कुठे संपलं आणि त्यांचं गाणं कुठे सुरू झालं, मला कळलंच नाही. अंगावर सरसरून काटा आला. आजवर जे जे वाजवलं, ते त्या एका सुरापुढे काहीच नव्हतं, हे मला तिथेच उभ्या उभ्या कळलं.

धवला पुरा झाला. मनस्वीची आई कुमुद रिवाजाप्रमाणे धवलारणीची ओटी भरायला तांदूळ, नारळ आणि खण घेऊन आली. मावशींनी तिला थांबवलं.

"आजून येक नारल आन गो कुमुद. धवलारनी दोगी व्हत्या."

मांडव हसला. मला हसता येईना. डोळे भरून आले होते. मी मावशींच्या शेजारी गुडघे टेकले आणि शर्टाचं पुढचं टोक दोन्ही हातांनी पसरलं.