वर ओढलेली शिडी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे, चिकूच्या लाकडाची. आमच्या मेक्सिकोतल्या युकातानच्या रानात पडक्या देवळांच्या दारांवर ज्या तुळया अजून तग धरून आहेत, त्या याच लाकडाच्या. म्हणजे माझे घराणे मोठे आहे. पण आज मला मोठेपणा मिरवायचा नाही. आज माझे टाळके सरकले आहे.

कासिमिरो काऊइचने मला तासले आणि सेनोतेत सोडले. सेनोते म्हणजे जमिनीच्या पोटातला आमचा डोह. सगळी वाडी त्याचेच पाणी पिते. माझ्यावर पाय ठेवण्याआधी कासिमिरो अंग धुवायचा, काठाशी उभा राहून पाण्याच्या धन्याकडे परवानगी मागायचा आणि मग गप्प राहून उत्तराची वाट पाहायचा. खालून गार झुळूक आली की होकार. नाही आली, तर मुकाट्याने घरी. त्या काळी लोक माझ्या पायऱ्यांवरून हात फिरवून त्याच्या हाताचे कौतुक करत.

कासिमिरो गेला. त्याचा मुलगा वेन्सेस पर्यटकांना सकाळी पडकी देवळे दाखवतो आणि दुपारी तोंडाला नळी लावून डोहात पोहायला आणतो. परवानगी तोही मागतो, पण पोपटासारखी. पर्यटक टाळ्या वाजवतात. मला तेल लागून किती वर्षे झाली, विचारूच नका. तेही मी सोसले. पण आज?

आज मंडळी देवळांच्या उन्हातून आली ती अंगभर क्रीम थापून, घामाने निथळत. काठावर अंग धुवायला नळ आहे, पण तिकडे कोणी वळेना.

"राहू द्या, उशीर झालाय. उतरा," वेन्सेस म्हणाला. त्याने परवानगीचे शब्द उरकले. टाळ्या झाल्या.

"विचारलंस ना? मग उत्तर ऐक की!" पाण्याला आलेली त्याची आई नार्सिसा कडाडली.

"आई, लोकांसमोर तमाशा नको."

"तमाशा तू मांडलायस, मेल्या!"

तिने बरोबरच्या बायकांना हाक मारली. सगळ्यांनी माझा दोर धरला आणि मला वर खेचले. खडकावर आपटून माझी एक पायरी मोडली. दुखले, पण मी मनात म्हटले, ओढा, अजून ओढा!

मग नार्सिसाने नुकत्याच शेंदलेल्या बादलीतले पाणी भोपळ्याच्या वाटीत घेऊन लेकापुढे धरले.

"पी."

त्याने घोट घेतला आणि तोंड वाकडे करून थुंकला.

"अत्तरासारखं लागतंय."

"थुंकलास? तुझ्या रोजच्या पाहुण्यांचं क्रीम उतरलंय त्यात. तुझ्या पोरीला मी रोज हेच पाजते."

वेन्सेस जाऊन नळाखाली उभा राहिला. काही पर्यटक त्याच्यामागे गेले, काही फुरंगटून बसमध्ये बसले.

मित्रांनो, कुठल्याही पाण्यात उतराल तेव्हा ते कोणाच्या तरी घशाखाली जाणार आहे, एवढे ध्यानात ठेवा. अंग धुवा, विचारा आणि उत्तराला थांबा. तोवर मी इथे काठावर आडवी पडून आहे. फारच घाई असेल, तर मारा खुशाल उडी. वर कसे यायचे, ते तुमचे तुम्ही बघा.