पोटातला आकडा

मी एक जुनी गिटार आहे. किती जुनी, ते माझ्या पोटात छापलेलं आहे, आणि मित्रांनो, सारा घात तिथेच झाला.

कारखान्यातून निघाले ती एका वादकाच्या गळ्यात पडले. त्याच्या पट्ट्याच्या बकलने माझ्या पाठीवर लांब ओरखडा उठवला. मन भरल्यावर त्याने मला जुन्या वाद्यांच्या दुकानात टेकवलं. तिथे एक बाप आला.

"पोराची अश्शीच एक मी भांडणात आपटून फोडली," तो दुकानदाराला म्हणाला. "पोरगा तसाच गाडी काढून गेला, तो ट्रकखालीच सापडला. बायको तेव्हा माहेरी होती. इतकी वर्षं तिने त्याची खोली उघडली नाही. आता उघडायची म्हणते."

अशी मी मेलेल्या मुलाच्या पलंगावर जाऊन पडले.

"भांडणात काही मोडलं-बिडलं का हो?" आईने विचारलं.

"नाही गं. शब्दाला शब्द लागला, एवढंच." बापाने माझ्यावरच हात ठेवून सांगितलं. लाकडाची साक्ष कोण काढतो!

मग रोज केर काढला की आई मला पुसायची. ओरखडा दाखवून धाकट्याला सांगायची, "हा दादाच्या पट्ट्याचा." दुसऱ्याच्या नावची माया माझ्या खाती जमा होत राहिली.

बाप गेला. पुढे माझा पूल, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, उखडला. धाकट्याने मला दुरुस्तीला नेलं. आईही आली, मला एकटीला धाडायची तिची छाती नव्हती.

"साल कळलं की त्याच बनावटीचा पूल बसवतो," कारागीर म्हणाला. त्याने माझ्या पोटात दिवा आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा घातला. "पहिले दोन आकडे सालाचे, पुढचं अक्षर कारखान्याचं..." आणि त्याने साल खणखणीत वाचलं. ते थोरला गेल्यानंतरचं होतं.

"आरशात उलटं दिसतं ना? नीट बघा, भाऊ."

"उलटं वाचण्यातच हयात गेली, मावशी," तो हसला आणि पुन्हा तेच वाचलं.

"आई, नंबर चुकतोही कधी कधी," धाकटा पुटपुटला.

"नंबर कशाला चुकेल?" आईने ओरखड्यावरून बोट फिरवलं, मग ते रुमालाला पुसलं. "म्हणजे फोडलीच होती त्यांनी."

पूल झकास बसला. मी मात्र आता कपाटावर धूळ खात पडले आहे. मान वाकत चालली आहे. समोरच्या भिंतीवर बापाचा फोटो आहे. त्यालाही तेव्हापासून फडकं लागलेलं नाही.

मित्रांनो, रागाच्या भरात हाती काही आलंच, तर ते आपटू नका, खाली ठेवा. तशीच दुसरी मिळते हो. पण तिच्या पोटात साल छापलेलं असतं.