हातावरचं वजन

"तुमचा विश्वास बसणार नाही, कुणाचाच बसत नाही," लोणकढे आजोबा दुकानदाराला म्हणाले, "पण बंद पाकीट नुसतं तळहातावर ठेवलं, की आत बातमी बरी आहे की वाईट, ते मी सांगायचो. वाईट बातमी जड असते."

दुकानदार एक पाना पुसत होता. पुसणं न थांबवता त्याने विचारलं, किती जड?

"ते घेणाऱ्यावर असतं."

लोणकढे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. थापांच्या जोरावर गल्लीने दिलेली ती पदवी. पण या थापेच्या बुडाशी चिमूटभर खरं होतं. आजोबांची सारी नोकरी पार्सल कचेरीतल्या वजनकाट्यापाशी गेली होती. काटा बिघडला की साहेब त्यांना हाक मारत. आजोबा खोकं उचलत, हातावर एकदा झुलवत आणि आकडा सांगत. काटा दुरुस्त होऊन आला की चूक त्याचीच निघायची, असंही ते सांगत. हे शेवटचं मात्र खरं नव्हतं.

आज ते लेकीबरोबर पालापाचोळा काढायचं यंत्र बघायला आले होते. घराभोवतीची बाग बायकोने लावलेली. झाडं आता छपराच्या वर गेली होती आणि पानगळ लागली की अंगणातून घराकडे चढणाऱ्या पायऱ्या दिसेनाशा होत. बायको गेली त्याच वर्षी आजोबा त्या पायऱ्यांवर ओल्या पानांवरून घसरले आणि पडले तिथेच बराच वेळ बसून राहिले. दुखलं काहीच नव्हतं. बायको गेली तेव्हाही असंच झालं होतं. माणसं येऊन रडत होती आणि हे त्यांना पाणी देत फिरत होते. पुढे बोटांनीही तोच कित्ता गिरवला. नसा थकल्यात, असं डॉक्टर म्हणाले. परवा दाताळ्याने पानं ओढताना तळहातावरचा फोड फुटला. तो कळला लेकीला, दांड्यावरचं रक्त बघून.

तिथून विषय निघाला. लेकीचं म्हणणं, घर विकावं आणि बाबांनी तिच्याकडे राहावं. खोली हवेशीर आहे, खाली उतरलं की दुकानं आहेत. बाबांचं म्हणणं असं काही नव्हतंच, ते नुसते नको म्हणत. अखेर तिनेच तोड काढली. बाबांना पेलेल असं एक तरी यंत्र मिळालं, तर ती घराचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही मिळालं, तर पानगळीचा भर यायच्या आधी सामान बांधायचं.

"आणि पेलतंय की नाही, ते तुम्हीच सांगायचं," ती म्हणाली होती. "मी मानेन."

दुकानदार माणूस सरळ होता. पेट्रोलवरचं, पाठीवर घ्यायचं धूड त्याने दाखवलं आणि लगेच बाजूला सारलं. "हे तुम्ही घेतलंत तर पानं जागेवर राहतील, आजोबा, तुम्हीच उडाल." वायरवालं यंत्र लेकीने नाकारलं, आधीच पायरी दिसत नाही, त्यात पायांत वायर. पाचोळा ओढून पिशवीत भरणारं एक होतं. ते रिकामं असताना गरीब गाय आणि भरलं की म्हैस. चाकांवर ढकलायचं, खाली ब्रश फिरणारं यंत्र आजोबांनी दुकानभर फिरवून आणलं आणि चेहऱ्यावर जरा धुगधुगी आली. लेकीने विचारलं, पायऱ्यांवर चालेल का?

"चालेल की," दुकानदार म्हणाला. "पण खाली पोचेल यांच्या आधी."

मधल्या वेळात आजोबांनी त्याला आणखी दोन थापा ऐकवल्या. एकीत त्यांनी साहेबांना उचलून, ते घरून जेवून आलेत की उपाशी, ते ओळखलं होतं. दुकानदार वा म्हणाला. हल्ली सगळेच वा म्हणत. बायको असताना निम्म्या थापेतच आतून "काहीतरीच" ऐकू यायचं आणि मग उरलेली निम्मी रंगायची. अडवणारं कुणी नसलं की थाप नुसतीच घरंगळत जाते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण सवय.

शेवटी दुकानदाराने एक खोकं उघडलं. हातात धरायचं, बॅटरीवर चालणारं. वायर नाही, ओढायची दोरी नाही. वयस्क माणसं हेच नेतात, तो म्हणाला. फक्त हाताला वजनाचा अंदाज हवा. तो नसेल तर हात नकळत ढळतो आणि माणूस त्याच्यामागून जातो. पायऱ्यांवर तर नकोच. एवढं सांगून त्याने यंत्र आजोबांच्या हाती दिलं आणि बॅटरी चार्ज कशी करायची ते लेकीला दाखवू लागला.

आजोबांची नजर खोक्यावर गेली. बारीक अक्षरांत वजन छापलेलं होतं. चष्मा होता, वाचता आलं.

मग त्यांनी यंत्र जुन्या सवयीने वर-खाली झुलवलं. हात वर गेला, तो त्यांना दिसला. खाली आला, तोही दिसला. याहून जास्त काही कळलं नाही. बोटांनी मूठ धरली आहे हे बघून घ्यावं लागत होतं.

"दोन किलो सातशे," ते म्हणाले, कचेरीत म्हणत तसं, समोरच्याच्या तोंडाकडे न बघता. "पेलतंय मला."

दुकानदाराने खोकं फिरवून छापलेला आकडा बघितला आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडून वा निघाला नाही. मानलं आजोबा, तो म्हणाला. इतकी वर्षं इथे उभा आहे, पण असा हात पाहिला नाही. आणि तो पावती करायला वळला.

लेकीने बाबांकडे बघितलं. ते यंत्र तसंच धरून उभे होते, हात ताठ, मान ताठ. मग तिने आपल्या मुठीकडे बघितलं, आणि दुकानदाराला थांबा म्हणाली.

"बाबा," ती म्हणाली, "ते वजन बॅटरीसकटचं आहे. बॅटरी माझ्या हातात आहे."