सोमवारच्या गोळ्या

"जेवल्याबरोबर, अर्ध्या तासाच्या आत घेवची. उपाशी पोटार नको हां, काकी. आणि एखादी चुकली तर चुकली म्हणान माका सांगायचा. लपवायचा नाय. कबूल?"

शेवंती सिस्टर मूळची सावंतवाडीकडची. इस्पितळात पहिल्या दिवशी तिने गोळ्यांची पाकिटं माझ्या हातात ठेवली आणि हात धरूनच राहिली. मी "कबूल" म्हटलं तेव्हा सोडला.

त्याला चार महिने झाले. माझा आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरला होता, कापून काढण्यासारखा नव्हता. चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ तीन-तीन गोळ्या, मग आठवडाभर बंद, मग पुन्हा. अबोलीच्या रंगाच्या गोळ्या. त्यांनी तळहात-तळपाय काळे पडून सोलवटले. वाती वळताना कापूस बोटांना टोचायचा. कापूस टोचतो असं आधी कुणी म्हणालं असतं तर मी हसले असते.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी नवा स्कॅन पाहिला. मी, मुलगा परेश आणि सून गौरवी समोर बसलो होतो.

"गाठी वाढल्यात," त्या म्हणाल्या. "कधी कधी पेशी औषधाला सरावतात. मग ते देत राहण्यात अर्थ नसतो. सोमवारपासून दुसरं सुरू करू, सलाइनमधून. जरा कडक आहे."

"आणि त्यालाही सरावल्या तर?" परेशने विचारलं. मुरगावच्या बंदरात दिवसभर ओरडून बोलणारा मुलगा, पण हे त्याने कुजबुजून विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा बघू. गोळ्या सगळ्या वेळेवर घेतल्या होत्या ना?"

"एकसुद्धा चुकली नाही," गौरवी म्हणाली. "मी रोज विचारते."

मी पदर सारखा केला.

परेश लहानपणी तापातून उठला, तेव्हापासून सोमवारी मी संध्याकाळी देवळात दिवा लावेपर्यंत पाणीही घेत नाही. एकादशीला, संकष्टीलाही सकाळी तोंडात काही नसतं. उपाशी पोटी गोळी नको असं सिस्टरने सांगितलेलं. मग उपासाच्या दिवशी सकाळची गोळी नाही, असं मी धरलं. देवाचंही राखलं, सिस्टरचंही. तेव्हा मला ते खरंच बरोबर वाटलं होतं.

पण बरोबर होतं तर लपवलं कशाला? गौरवी पहाटे उठून पेज करायची. सोमवार आला की म्हणायची, "आई, देवाला दोन महिने पगारी रजा द्या की." मी हसायचे. "गोळी?" ती विचारायची. "घोटभर दुधाबरोबर घेतली," मी म्हणायचे. तिने पाकिटं तपासली तर कळू नये म्हणून त्या सकाळच्या तिन्ही काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. औषध फेकवत नाही. डबा देवघरात, समईच्या मागे.

गुरुवारी घरी आल्यावर मोजल्या. सत्तावन्न.

आता पेशी सरावल्या, की मीच त्यांना सरावायला सवड दिली? इस्पितळात बाहेरच्या बाकावर डिचोलीची विमला भेटायची, तिचं तिसरं औषध चाललं होतं. ती म्हणाली होती, "एकदा औषध बदललं गे, की मागचं परत देत नाहीत. जिन्याच्या पायऱ्या मोजक्याच असतात." माझी एक पायरी न चढताच संपली असेल तर? सांगितलं तर डॉक्टरीणबाई कदाचित नवं औषध थांबवतील. कदाचित म्हणतील, याने काही फरक पडला नसता. आणि पडला असता म्हणाल्या, तर परेशच्या तोंडाकडे मी कशी बघू? त्याच्यासाठी धरलेला उपास.

रविवारी सकाळी कौल घ्यायला देवळात गेले. आमच्याकडे मूर्तीला पाकळ्या लावून देवाला विचारतात. उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. पुजारी सगुणभट पाकळ्या भिजवत होते.

"प्रश्न काय?"

"मनात आहे."

"मनातल्याक कौल लागना गे, चंद्रावती. गाऱ्हाणं मोठ्यान घालूक जाय."

मोठ्याने सांगायला हवं, पण देवळात चार माणसं होती. मी खांबाजवळ सरकून त्यांना हळूच सगळं सांगितलं. त्यांचा हात पाण्यातच राहिला.

"म्हणजे सांगू का नको, हे विचारायचंय?"

"होय."

"आणि डावी पडली तर गप्प बसशील?"



त्यांनी पाकळ्या परत तबकात ठेवल्या. "ह्यो कौल लावचो नाय मी. तुझा उपास इतकी वर्षं बघतोय, त्यात खोट नाही. पण त्या सिस्टरबाईला तू शब्द दिलास, देवाला मधे घालून तो मोडता येत नाही." मग नेहमीच्या कुरकुरीच्या स्वरात म्हणाले, "आणि उद्या येऊ नको दिवा लावायला. मी लावीन. तेलाची बाटली तेवढी ठेवून जा."

सोमवारी उजाडताना स्वयंपाकघरात गेले. गौरवी चुलीपाशी होती. परेशला सुट्टी नव्हती, इस्पितळात आम्ही दोघीच जाणार होतो.

"थोडी पेज वाढ," मी म्हटलं.

पळी तिच्या हातात तशीच राहिली. "आई, आज सोमवार."

"ठाऊक आहे."

तिने वाढली, वर लोणच्याची फोड ठेवली. वाटीभर पेज संपायला बराच वेळ लागला. मग देवघरात जाऊन नमस्कार केला आणि समईमागचा डबा काढला. आत गोळ्या वाजल्या. गौरवी दाराशी उभी होती.

"त्यात काय आहे?"

"तुलाही सांगते. पण आधी शेवंती सिस्टरला. तिला कबूल केलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग डब्याकडे. तिला कळलं असावं. मी डबा पिशवीत टाकला. पिशवी घ्यायला तिने हात पुढे केला.

"नको. मी धरते."

अंगणात उतरले. चपलेत टाच चरचरत होती. पहिली बस कोरगावच्या वळणावर यायला दहा मिनिटं होती. पिशवी छातीशी धरून मी हळूहळू चालायला लागले.